एज बँडची जादा कड पटाशीने काढताना

एज बँड म्हणजे प्लायची उघडी कड झाकायला चिकटवतात ती पट्टी. १८ मिमी प्लायला सहसा २२ मिमी रुंदीची पट्टी लावतात, म्हणजे दोन्ही बाजूंना दोनेक मिमी जादा उरतं. ते काढायला कटर नको. त्याचं पातं लवतं आणि हमखास सनमायकावर ओरखडा ओढतं. त्यापेक्षा २५ मिमीची रुंद पटाशी घ्या, तीही नुकती धार लावलेली. बोथट पटाशी पट्टी कापत नाही, उचकटते.

आधी गोंद पूर्ण धरू द्या. मग टोकं कापा: फळी टाकाऊ ठोकळ्यावर उभी धरून, पट्टी खाली. या एका कामाला कटर चालतो. आता पटाशीची सपाट पाठ फळीवर टेकवा, धार थोडी तिरकी ठेवा आणि पुढे ढकलतानाच जराशी बाजूला सरकवा. पाठ टेकलेली राहिली तर कड बरोबर फळीच्या पातळीला येते. मात्र पटाशीचा कोपरा खाली दाबू नका, सनमायकावर चर पडते. दोन्ही हात धारेच्या मागेच हवेत.

पीव्हीसी पट्टी कुठूनही कापली तरी चालते. व्हिनियरचं, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या पट्टीचं, तसं नाही. तिथे चीर आत, फळीकडे पळायला लागली की लगेच थांबा आणि उलट्या टोकाकडून या. जाड, २ मिमीची पट्टी असेल तर दोन-तीन हातांत काढा.

शेवटी बारीक कानस ४५ अंशात धरून पट्टीकडून फळीकडे ढकला. मागे ओढताना उचलून घ्या, नाहीतर पट्टीच सुटते.