आधी आवाज शून्यावर आणा: डिजिटल पियानोची दुखणी कशी शोधावीत

वसईत मी मुलांना पियानो शिकवते. गेल्या पावसाळ्यानंतर नऊ वर्षांची एक विद्यार्थिनी घरी केलेलं रेकॉर्डिंग ऐकवायची, तेव्हा मधल्या सप्तकातला एफ शार्प दर वेळी दणकन अंगावर यायचा. ‘बोट हलकं ठेव’ असं मी तिला तीन आठवडे सांगत राहिले. मग तिच्या घरी जाऊन स्वतः वाजवून पाहिलं, तर माझ्या बोटाखालीही तो तसाच दणाणला. दोष पट्टीत होता आणि पोर मात्र आपलंच चुकतंय असं समजून बसली होती. मला ते फार लागलं. तेव्हापासून मुलाच्या हाताला काही बोलण्याआधी मी वाद्य तपासते.

तपासणीची सुरुवात एकाच गोष्टीने करा. पियानो चालू ठेवून आवाज पूर्ण शून्यावर न्या आणि त्रास देणारी पट्टी वाजवा. तरीही खटखट ऐकू आली, तर दुखणं पट्टीच्या यंत्रणेत किंवा स्टँडमध्ये आहे. काहीच ऐकू आलं नाही, तर आवाज वाढवून हेडफोन लावा. हेडफोनमध्येही तोच दोष असेल तर तो सेटिंगचा किंवा पट्टीखालच्या विद्युत संपर्काचा. फक्त स्पीकरवर थरथर येत असेल तर आधी नोटेशनचा स्टँड काढून बघा, पियानोवरची पेन-पट्टी उचला, भिंतीवरची फोटोफ्रेम हाताने दाबून धरा. खोलीतली एखादी वस्तू ठरावीक स्वरालाच थरथरते आणि आपण स्पीकर फाटला असं समजतो.

सगळाच आवाज कमी झाला असेल किंवा गेला असेल, तर हेडफोनचा छोटा प्लग मोठ्या सॉकेटला जोडणारं कनेक्टर सॉकेटमध्येच राहिलंय का ते पाहा. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी इथेच संपतात. ते काढूनही स्पीकर मुके असतील तर सॉकेटच्या आतली पत्ती अडकलेली असू शकते. प्लग पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. संगणकाला जोडून वाजवत असाल तर ‘लोकल कंट्रोल’ बंद राहिलेलं नाही ना, ते बघा. ते बंद असलं की पट्ट्या संगणकाला संदेश देतात, पण पियानो स्वतः गप्प राहतो. लॅपटॉप जोडल्यावर गुणगुण येत असेल तर त्याचा चार्जर काढून पाहा. पियानोला वीज देणारा अडॅप्टर मूळचाच वापरा, कारण व्होल्टेज किंवा पिनची दिशा चुकली तर वाद्यच जातं. आणि पियानो गादीवर किंवा जाड टेबलक्लॉथवर ठेवू नका. पुष्कळ मॉडेल्सचे स्पीकर खालच्या बाजूला असतात.

आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते ती आतल्या धुळीमुळे. पियानो बंद करून बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा.

आता तो एफ शार्प. प्रत्येक पट्टीखाली रबराची घुमटी असते आणि तिच्यात कार्बनचे निदान दोन संपर्क. पट्टी खाली जाताना पहिला आधी टेकतो, दुसरा मागाहून. या दोहोंमध्ये किती वेळ गेला यावरून पियानो जोर ठरवतो आणि त्याला 1 ते 127 मधला आकडा देतो. पहिल्या संपर्कावर धूळ किंवा दमट हवेचा थर बसला की तो उशिरा लागतो, मधलं अंतर नाहीसं होतं आणि हळू दाबलेली पट्टीही ओरडते. कधी स्वर उमटतच नाही. आमच्याकडे खाऱ्या हवेमुळे हे जास्त होतं.

मात्र पियानो उघडण्याआधी ‘टच’चं, म्हणजे बोटाच्या जोरावर आवाज किती बदलतो त्याचं, सेटिंग पाहा. ते ‘फिक्स्ड’वर असेल तर सगळेच स्वर सारख्या जोराने वाजतात. एखादाच बिघडला असेल तर सफाईला पर्याय नाही. वॉरंटी असेपर्यंत स्वतः हात लावू नका. वॉरंटी संपली असेल तर अडॅप्टर काढा, प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या, आणि वेगवेगळ्या मापाचे स्क्रू आप्पेपात्राच्या खळग्यांत वेगळे ठेवा. घुमट्या असलेली रबराची लांब पट्टी अलगद सोडवा, काळ्या कार्बनला बोट लावू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने कार्बन आणि खालचा बोर्ड हलकेच टिपा. पूर्ण वाळू द्या. रबराच्या खुंट्या भोकांत नीट बसल्याशिवाय वरची पट्टी लावू नका.

पट्ट्यांची ठकठक निराळी. प्रत्येक पट्टी आत एक वजनदार हातोडी उचलते, त्यामुळे थोडा धप्प आवाज निरोगी वाद्यालाही असतो, आणि आवाज कमी ठेवून वाजवलं की तोच जास्त जाणवतो. शेजारच्या पट्ट्यांपेक्षा एखादीच टणक वाजत असेल तर खालचा फेल्ट, म्हणजे लोकरीसारखा मऊ थर, दबला किंवा सरकला असणार. बदलताना त्याच जाडीचा घ्या. पट्टी साधारण 10 मिलिमीटर खाली जाते. जाड फेल्टने तेवढी जागा उरत नाही आणि दुसरा संपर्क नीट लागत नाही. करकरत असेल तर खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल अजिबात घालू नका, ते रबरावर उतरतं. प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस, तेही घासणाऱ्या जागी टिपकाभर.

खालच्या मजल्यावरच्या आजींना ऐकू येते ती ठकठक स्टँडच्या पायांतून स्लॅबमध्ये उतरते, त्यामुळे हेडफोन लावून ती थांबत नाही. पायांखाली घडी घातलेली गोधडी ठेवून आजींना विचारा. फरक पडला, तर वॉशिंग मशीनखाली ठेवतात तसे रबरी पॅड आणा.

त्या मुलीचा पियानो जोडून झाल्यावर आम्ही दोघींनी डावीकडून उजवीकडे 88 पट्ट्या, जितक्या हळू वाजतील तितक्या हळू, एकेक करून वाजवल्या. मधला एफ शार्प तिने वाजवला.