फायनान्स कॉस्टच्या ओळीमागे काय दडलंय?

कंपनीला कर्ज किती टक्क्यांनी पडतं, हे नफा-तोटा पत्रकात कुठे लिहिलेलं नसतं. तिथे ‘फायनान्स कॉस्ट’, म्हणजे व्याज आणि कर्ज-देण्यांशी जोडलेले खर्च, ही एक ओळ असते. नवखे तिला कर्जाने भागून मोकळे होतात आणि हमखास फसतात.

आधी वार्षिक अहवालात त्या ओळीची टीप उघडा. बँकेच्या आणि रोख्यांच्या व्याजाशेजारी तिथे गॅरंटी कमिशन असतं, बँक चार्जेस असतात, दूरच्या देण्यांच्या तरतुदींवर दरवर्षी चढणारं कागदोपत्री व्याजही असतं. 1 एप्रिल 2019 पासून इंड एएस 116 हे भारतीय लेखा मानक लागू झालं आणि लीजवरचं, म्हणजे भाडेकरारांच्या देण्यावरचं व्याजही इथेच येऊ लागलं. दुकानांची साखळी चालवणाऱ्या कंपनीचं कर्ज नावापुरतं आणि फायनान्स कॉस्ट मात्र भरभक्कम दिसते, ती बहुधा यामुळे.

आता खरी गोम. कारखाना उभा राहत असतो तोवर त्याच्या कर्जाचं व्याज इंड एएस 23 प्रमाणे खर्चात न जाता मालमत्तेच्या किमतीत चढतं. बँक ते व्याज घेतेच, पण नफ्याला त्याची झळ लागत नाही. हा आकडा त्याच टिपेत वजा केलेला सापडतो, नाहीतर मालमत्तेच्या टिपेत.

समजा, वर्षाच्या सुरुवातीला कर्ज 1,200 कोटी आणि अखेरीस 1,600, म्हणजे सरासरी 1,400. फायनान्स कॉस्ट 118 कोटी. सरळ भागलं तर 8.4 टक्के. त्यातून लीजचे 14, तरतुदींचे 3 आणि चार्जेसचे 9 कोटी काढा: उरले 92. मालमत्तेत चढवलेले 34 मिळवा: 126. दर निघाला 9 टक्के. प्रकल्प सुरू झाला की त्या कर्जाचं पुढचं व्याज थेट नफ्यातून वजा होऊ लागतं, जोडीला घसाराही येतो. विक्री वाढूनही नफा का पडला, हे कोडं बऱ्याचदा इथेच सुटतं.

भाजक, म्हणजे सरासरी कर्जाचा आकडाही तपासा. 31 मार्च हा एकच दिवस आहे. महाराष्ट्रातल्या साखर कंपन्यांचा गाळप हंगाम तेव्हा संपत आलेला असतो, गोदामं भरलेली असतात आणि त्या साखरेच्या तारणावर बँकेकडून काढलेली उचलही शिखरावर असते. नुसते मार्चचे आकडे घेतले तर दर खोटा स्वस्त दिसतो. सप्टेंबरचा ताळेबंद सरासरीत घ्याच. उलट काही कंपन्या मार्चअखेर कर्ज तात्पुरतं खाली आणतात, तिथे दर फुगतो. दीर्घ मुदतीच्या कर्जाचे वर्षभरात फेडायचे हप्ते कंपनी कायद्याच्या शेड्यूल III (ताळेबंदाचा नमुना) मधल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर अल्पमुदतीच्या कर्जात दिसतात. त्याआधीच्या अहवालांत ते ‘इतर चालू आर्थिक देण्यां’त असतात. जुनी वर्षं जुळवताना ते हमखास सुटतात.

मग रोख प्रवाह पत्रकातलं ‘भरलेलं व्याज’ बघा. खर्चापेक्षा ते फारच कमी असेल, तर झिरो कूपन रोखे (ज्यांवर मधे व्याज दिलं जात नाही) किंवा परतफेडीच्या वेळचा प्रीमियम शोधा. व्याज साठत चाललेलं असतं.

पुढचा अंदाज बांधताना रेपो दराकडे (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते) थेट बोट दाखवू नका. 2025 मध्ये रेपो 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर आला, पण एमसीएलआरशी (बँकेच्या निधीच्या खर्चावर ठरणाऱ्या दराशी) जोडलेल्या कर्जाचा दर रिसेटच्या, म्हणजे दर नव्याने ठरण्याच्या तारखेलाच बदलतो आणि ठरावीक कूपनचे (व्याजदराचे) रोखे मुदत संपेपर्यंत हलत नाहीत. कोणत्या रोख्याला किती कूपन आणि मुदत कधी संपते, हे क्रिसिल, इक्रासारख्या पतमापन संस्थांच्या रेटिंग टिपणाच्या परिशिष्टात सहसा फुकट मिळतं.