अमेरिकन रिझर्व्हमधलं हुकलेलं वर्ष परत मिळवताना

अमेरिकेच्या आर्मी रिझर्व्ह किंवा नॅशनल गार्डमध्ये (दोन्ही मुख्यतः अर्धवेळ लष्करी सेवा) पेन्शनसाठी साधारणपणे २० पात्र वर्षं लागतात, आणि पात्र वर्ष म्हणजे किमान ५० पॉइंट, म्हणजे सेवेसाठी मिळणारे गुण. एखादी नोंद राहून गेली आणि बेरीज ४७ वरच थांबली, तर ते अख्खं वर्ष मोजणीतून जातं.

म्हणून सगळी कागदपत्रं उपसत बसू नका. आधी पॉइंटचा गोषवारा काढा आणि फक्त ५० च्या खालची वर्षं अधोरेखित करा. त्यातही ४०च्या पुढची आधी घ्या. ड्रिलच्या, म्हणजे लष्करी सरावाच्या, एका वीकेंडचे सहसा ४ पॉइंट, म्हणजे एक हरवलेला वीकेंड सापडला तरी ४७ चं वर्ष वाचतं! वर्ष जानेवारीपासून धरू नका. ते तुमच्या स्वतःच्या वार्षिक तारखेपासून (सहसा सेवेत दाखल झाल्याची तारीख) चालतं. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

मग:

१. त्या महिन्यांच्या पगारपावत्या काढा. ड्रिलचा पगार मिळाला असेल, तर हजेरीचा तो भक्कम पुरावा.
२. सक्रिय (पूर्णवेळ) सेवेसाठी डीडी २१४ (ती सेवा संपल्यावर मिळणारा दाखला) आणि आदेशपत्रं जोडा. तिथे दिवसाला १ पॉइंट.
३. अर्ज आधी युनिटच्या कार्मिक विभागाकडे. तिथे नकार आला, तरच डीडी १४९ हा अर्ज भरून लष्करी नोंदींच्या दुरुस्ती मंडळाकडे.

मंडळाकडे जायची मुदत चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षं. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. आणि मूळ कागद कधीही पाठवू नका, प्रतीच द्या.