डाय फारच काळा बसला? दुसरं पाकीट उघडण्याआधी हे करा

ब्राऊन म्हणून लावला आणि केस काळेकुट्ट झाले, की पहिला विचार येतो तो आणखी फिकट शेड आणून वरून लावण्याचा. नेमकं तेच करू नका. डायने डाय फिकट होत नाही. फिकट शेडमधला पेरॉक्साइड केसाचा मूळचा रंग थोडा उतरवतो, पण आधी बसलेल्या कृत्रिम रंगाचं त्याच्याकडून फारसं काही बिघडत नाही. परिणाम असा होतो की मुळाशी नव्याने आलेले केस तांबूस चमकतात, खालची लांबी आहे तशीच काळी राहते आणि केसांवर रसायनांचा आणखी एक मारा होतो.

घाबरून निर्णय घेण्याआधी केस पूर्ण वाळवून दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बघा. ओले केस नेहमीच जास्त गडद दिसतात, आणि पहिल्या दोन-तीन धुण्यांत वरवर चिकटलेला रंग बराच निघून जातो. थोडाच फरक हवा असेल तर तेवढ्यावर भागतंही. डोक्याला खाज, आग, पुरळ किंवा पापण्यांना सूज असेल तर मात्र रंगाचा विषय बाजूला ठेवा. भरपूर पाण्याने डोकं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. ती बहुधा डायमधल्या पीपीडी (पॅरा-फेनिलीनडायअमाइन) या रसायनाची ॲलर्जी असते आणि अशा टाळूवर खालचा एकही उपाय करायचा नाही.

पाकीट कचऱ्यातून काढून वाचा

कोणता उपाय लागू पडेल हे पाकिटात काय होतं त्यावर ठरतं.

दोन ट्यूब किंवा बाटल्या मिसळून लावायचा डाय (एक रंगाची, दुसरी डेव्हलपरची, म्हणजे पेरॉक्साइडची) पक्का असतो. त्यातले बारीक रेणू केसाच्या आत शिरतात, पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडले जातात आणि मोठे होऊन तिथेच अडकतात. 'अमोनिया नाही' असं लिहिलेलं असलं तरी डेव्हलपर असेल तर प्रकार हाच.

नुसत्या पाण्यात कालवायची 'काळी मेंदी' बहुतेक वेळा मेंदी नावापुरतीच असते. घटकांच्या यादीत पॅरा-फेनिलीनडायअमाइन आणि बेरियम पेरॉक्साइड दिसलं, तर तो पावडरीतला पक्का डायच समजा.

खरी मेंदी आणि नीळ (इंडिगोच्या पानांची पूड) लावली असेल तर गोष्ट वेगळी. नीळ लावल्यानंतर दोन दिवस हवेशी संयोग होऊन आणखी गडद होत जाते, त्यामुळे इथे थांबायचं नाही. त्याच दिवशी तेल लावून शाम्पू करायला घ्या. या केसांवर ब्लीच नको, निळीमुळे हिरवट छटा येते आणि ती काढणं काळ्यापेक्षा अवघड.

पहिले तीन-चार दिवस: धुऊन उतरवणं

ताजा रंग सगळ्यात लवकर हलतो, म्हणून सुरुवात इथून. डायच्या केसांसाठीचा सौम्य शाम्पू बाजूला ठेवा. क्लॅरिफायिंग शाम्पू (केसांवर साचलेला थर धुऊन काढणारा) किंवा कोंड्यासाठीचा शाम्पू घ्या.

1. धुण्याच्या तासभर आधी लांबीला आणि टोकांना खोबरेल तेल लावा. तेलाने रंग फारसा उतरत नाही, पण वारंवार धुण्यात केसातलं प्रथिन कमी जातं.
2. कोमट पाण्याने केस भिजवा. कढत पाणी नको, टाळू भाजते आणि केस राठ होतात.
3. शाम्पूचा फेस जिथे रंग जास्त गडद आहे तिथे, म्हणजे बहुधा टोकांकडे, 5 मिनिटं राहू द्या. धुवा आणि एकदाच पुन्हा करा.
4. कंडिशनर लावून 5 मिनिटांनी धुवा.

हे एक दिवसाआड करा. फेस रंगीत निघेनासा झाला की या वाटेने आणखी काही मिळणार नाही.

फरक कमी वाटला तर क जीवनसत्त्व. खांद्यापर्यंतच्या केसांना 500 मिलिग्रॅमच्या 12 गोळ्या अगदी बारीक कुटा आणि 4 मोठे चमचे शाम्पूत कालवा. साखर आणि रंग घातलेल्या चघळायच्या गोळ्यांपेक्षा साध्या गोळ्या बऱ्या. दमट केसांना लावा, डोक्यावर प्लास्टिकची टोपी घाला, 30 मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा, मग कंडिशनर. टाळूवर ओरखडा असेल तर चरचरेल, डोळ्यांत जाऊ देऊ नका. तात्पुरत्या रंगावर हे छान चालतं. पक्क्या डायवर फार तर थोडी छटा हलते, कोळशाचा तपकिरी होत नाही.

लिंबू लावून उन्हात बसणं, खायचा सोडा चोळणं, चेहऱ्याची ब्लीच क्रीम केसांना लावणं हे सगळं सोडा. डाय तिथेच राहतो, केस मात्र झाडूसारखे होतात.

कलर रिमूव्हर

पक्क्या डायसाठी घरी करण्यासारखा खरा उपाय हाच. दुकानात क्वचित, ऑनलाइन सहज मिळतो. ब्लीच नसलेला घ्या. तो जोडलेले रेणू तोडून लहान करतो, मग ते पाण्याबरोबर वाहून जातात. इथेच लोक चुकतात: दहा सेकंद पाणी ओततात आणि उठतात. लहान झालेले रेणू केसातच राहिले तर हवेने पुन्हा जुळतात आणि दोन दिवसांत काळा रंग परत येतो.

आधी विंचरताना निघालेल्या केसांचा पुंजका घेऊन चाचणी करा. धातूचे क्षार असलेला रंग (हळूहळू काळे करणाऱ्या काही तेलांत आणि लोशनांत असतो) पेरॉक्साइडशी मिळाला की केस तापतात, तुटतात. 6 टक्के डेव्हलपरमध्ये पुंजका अर्धा तास ठेवा. तो गरम झाला, धूर किंवा विचित्र वास आला, तर पेरॉक्साइड किंवा ब्लीच असलेलं काहीही डोक्यावर घालू नका.

रिमूव्हर कोरड्या, तेल न लावलेल्या केसांवर, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात मिसळून लगेच लावा. सुरुवात सगळ्यात काळ्या भागापासून करा. झाकून पाकिटावरचा वेळ थांबा. कुजक्या अंड्यासारखा वास येणारच, न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवा. मग वाहत्या कोमट पाण्याखाली निदान 10 मिनिटं, थर मोकळे करत धुवा, शाम्पू करा, पुन्हा धुवा.

खाली नारिंगी-तांबूस केस दिसले तर दचकू नका. डाय लावताना पेरॉक्साइडने तुमचा मूळ रंगही थोडा उतरवला होता, तो आता उघडा पडला. मेंदी असेल तर ती तशीच राहते, रिमूव्हर तिला काढत नाही.

ब्लीच आणि शाम्पूचं मिश्रण करून रंग उतरवण्याचा एक प्रकार आहे, तो पार्लरवर सोडा. दर पाच मिनिटांनी बट पुसून बघावी लागते, स्वतःच्या डोक्याच्या मागच्या बाजूला ते जमत नाही. जाताना गेल्या दोन वर्षांत केसांना काय काय लावलं ते सगळं सांगा, मेंदीसुद्धा. लपवलेल्या काळ्या मेंदीवर ब्लीच पडलं तर दोष पार्लरचा नसतो.

पुन्हा रंगवायचं असेल तर

रिमूव्हरनंतर निदान आठवडाभर थांबा. हव्या असलेल्या शेडपेक्षा दोन शेड फिकट घ्या, कारण सच्छिद्र झालेले केस रंग जास्त ओढतात. बहुतेक पाकिटांवर 1 म्हणजे काळा, 3 गडद तपकिरी, 5 फिकट तपकिरी. भारतीय केसांवर 3 बऱ्याचदा काळाच दिसतो. मनात 4 असेल तर 6 घ्या, 48 तास आधी कानामागे पॅच टेस्ट (थोडासा रंग लावून ॲलर्जीची चाचणी) करा. रंग आधी मुळांनाच लावा, लांबीला शेवटच्या 5 ते 10 मिनिटांत नुसता ओढून घ्या. टोकांना आधी कंडिशनर चोपडलं की ती जास्त रंग घेत नाहीत. दर महिन्याला केस साधारण सेंटिमीटरभर वाढतात, म्हणून पुढच्या वेळी तेवढीच पट्टी रंगवा. पूर्ण डोकं पुन्हापुन्हा रंगवल्यानेच टोकांवर थरावर थर चढून ती काळी पडत जातात.