शर्ट निळा केला की मिशीही निळी: जुन्या गेमचे रंग बदलायला शिकणाऱ्यांसाठी

१९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समधल्या मारिओच्या अंगावर तीनच रंग आहेत. टोपी आणि डांगरी लाल, चेहरा-हात नारिंगी, आणि केस, मिशी, शर्ट, बूट या सगळ्यांना मिळून एकच शेवाळी तपकिरी. शिकायला येणारी पोरं हे कधी बघतच नाहीत. देवगडचा एक जण आला आणि म्हणाला, "दादा, माका फक्त शर्ट निळो करूचो आसा." म्हटलं, कर. केला. मिशी निळी, केस निळे, बूट निळे. आता खरं शिकायला सुरुवात झाली, असं मी त्याला सांगितलं.

निन्टेंडोचं ते ८-बिट मशीन जपानात १९८३ साली फॅमिकॉम नावाने आलं. आपल्याकडे घराघरात पोचल्या त्या त्याच्या नकला, कॅसेट घालायचे टीव्ही गेम. त्यात हलणाऱ्या चित्रांना, म्हणजे स्प्राइटना, चार पॅलेट (रंगांचे संच) मिळतात आणि प्रत्येक पॅलेटमध्ये चार खाने. पहिला खाना पारदर्शक, म्हणून हातात उरतात तीन. खुद्द चित्रात रंग नसतोच. आठ बाय आठ ठिपक्यांच्या टाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याला शून्य ते तीन यांपैकी एक आकडा असतो, आणि कोणत्या आकड्याला कोणता रंग हे पॅलेट ठरवतं. म्हणून रंग बदलायचे दोन वेगळे रस्ते आहेत: पॅलेटमधला रंग बदला, किंवा ठिपक्याचा आकडा बदला. कोणत्या वेळी कोणता रस्ता धरायचा हे कळलं की निम्मं काम आलं.

मारिओची पॅलेट रॉममध्ये, म्हणजे गेमच्या फाइलमध्ये, हेक्सच्या (० ते ९ आणि पुढे ए ते एफ अशी सोळाची मोजणी) चार आकड्यांत बसते: २२ १६ २७ १८. फाइलमधले हे आकडे दाखवणाऱ्या आणि बदलू देणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये ही ओळ शोधा, सापडते. पहिल्या २२ ला हात लावू नका, तो पार्श्वभूमीचा खाना आहे. बाकीचे वाचायला सोपे आहेत. डावा आकडा उजेड सांगतो, उजवा रंगाची जात. १६ लाल, तर ०६ गडद लाल आणि २६ फिकट लाल. १२ निळा. म्हणजे १८ च्या जागी १२ लिहिलं की निळा शर्ट तयार, मिशीसकट. याच आकड्यांच्या शेजारी २२ ३० २७ १९ दिसेल, तो मारिओचा भाऊ लुईजी. चित्र तेच, मिशी तीच, फक्त दोन आकडे वेगळे. फुल खाल्लेला मारिओ २२ ३७ २७ १६. हे तीन संच शेजारी ठेवून बघा, एखाद्या व्हिडिओपेक्षा जास्त कळेल.

मिशी तपकिरी ठेवून शर्टच निळा हवा असेल तर वायवाय-सीएचआरसारख्या टाइल एडिटरमध्ये जाऊन ठिपक्यांचे आकडे बदलावे लागतात, तेही चालणं, उडी, पोहणं अशा प्रत्येक चित्रात. आणि तरी रंग तीनच. चौथा हवा असेल तर दुसऱ्या पॅलेटचा स्प्राइट वर ठेवायचा. मेगा मॅन या दुसऱ्या गेमच्या नायकाचा चेहरा असाच वेगळा स्प्राइट आहे. पण एका आडव्या ओळीत हे मशीन आठच स्प्राइट दाखवू शकतं, त्यामुळे गर्दी झाली की चित्रं लुकलुकतात. नवख्याने या भानगडीत पडू नये असं माझं मत.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पॅलेट कोणाकोणाची आहे. मारिओची जवळजवळ त्याच्या एकट्याची आहे, म्हणून तो सोपा. शत्रूंची तशी नाही. हिरव्या कासवाचा हिरवा बदलला की जादा जीव देणारा मशरूमही बदलतो आणि फुलाचा देठही. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. सातबाऱ्यावर वीस नावं असलेल्या सामाईक जमिनीतला एक आंबा तोडून बघा, मुंबईहून कोण कोण चुलते उतरतात ते. म्हणून रंगाला हात लावण्याआधी मेसेनसारखा एम्युलेटर (कॉम्प्युटरवर जुना गेम चालवणारा प्रोग्राम) उघडा, पॅलेट आणि स्प्राइट दाखवणाऱ्या खिडक्या बाजूला लावा आणि तो खाना आणखी कोण वापरतंय ते वहीत लिहा. वहीतच लिहा. पावसात आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

आणखी एक सापळा. "खरा लाल कोणता?" असं विचारत बसू नका. हे मशीन आरजीबी (लाल-हिरवा-निळा) आकडे देतच नाही, ते थेट टीव्हीचा सिग्नल तयार करतं, त्यामुळे प्रत्येक एम्युलेटरची रंगफाइल थोडी वेगळी असते. तुमच्या स्क्रीनवर छान दिसणारा जांभळा दुसऱ्याकडे निळसर दिसेल. दोन-तीन रंगफाइलींवर तपासून मग ठरवा. काळ्यासाठी ०एफ वापरा. ०डी काळ्याहूनही काळा आहे, काही टीव्हींचा सिग्नल त्याने बिघडतो.

सुपर निन्टेंडोवर आलात की सुटल्यासारखं वाटतं. स्प्राइटना सोळा रंगांच्या आठ पॅलेट, एक रंग पारदर्शक, म्हणजे वापरायला पंधरा. लाल, हिरवा, निळा यांना प्रत्येकी शून्य ते एकतीस पायऱ्या. फोटोशॉपातला २५५ पर्यंतचा आकडा आठने भागून खालचा पूर्णांक घ्या, झालं. फाइलमध्ये मात्र प्रत्येक रंगाचे दोन बाइट उलटे लिहिलेले असतात: पूर्ण लाल १एफ ००, पूर्ण निळा ०० ७सी. सेगा मेगा ड्राइव्हवर प्रत्येक रंगाला आठच पायऱ्या, एकूण ५१२ रंग, आणि बाइट सरळ क्रमाने: लाल ०० ०ई, निळा ०ई ००. गेम बॉय अॅडव्हान्सला सुपर निन्टेंडोसारखाच हिशेब, पण तिथे पॅलेट बऱ्याचदा दाबून ठेवलेली असते, त्यामुळे स्क्रीनवरचे आकडे रॉममध्ये शोधून सापडत नाहीत. मग डीबगरमध्ये, म्हणजे चालता गेम थांबवून तपासणाऱ्या साधनात, पॅलेटच्या मेमरीवर ब्रेकपॉइंट (थांबण्याची खूण) लावून ती कुठून येते ते पकडायचं.

सराव कशावर करायचा? माझं ऐकाल तर रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरावर या. होड्यांचे फोटो काढा आणि एकेक होडी तीन रंगांत बसवा. मोह होतो हिरवा, पिवळा, लाल असे तीन भडक रंग घेण्याचा. मग होडीला ना सावली राहते ना कड, आणि समुद्राच्या निळ्यावर ती एक ठिगळ दिसते. एक गडद, एक मधला, एक उजळ घ्या, रंग कोणतेही असोत. चित्र काळं-पांढरं करून बघा. तिन्ही वेगळे ओळखू आले तर पॅलेट चालेल.

यातून पोट भरतं का, हे आईवडील विचारणारच. रंग बदललेला गेम विकता येत नाही, आणि अख्खा रॉमही कुणाला वाटायचा नाही, त्यावर कंपनीचा हक्क असतो. वाटायचा तो फक्त पॅच, म्हणजे नुसत्या बदलांची फाइल. पॅचच्या प्रकारांत आयपीएसपेक्षा बीपीएस बरा: मूळ फाइल चुकीची असेल तर तो लागतच नाही, आयपीएस मात्र मुकाट्याने लागतो आणि गेम बिघडतो. पैसे मिळतात ते नव्या छोट्या गेमसाठी जुन्या धाटणीचे स्प्राइट काढण्याचे. मी ते घरी बसून करतो, आणि सुरुवातीला कामं याच पॅचच्या जोरावर मिळाली. समोरचा चित्र सुंदर आहे का हे नंतर बघतो. आधी फाइल इंडेक्स्ड पीएनजी (ठिपक्यांना पॅलेटचे आकडे असलेलं चित्र) आहे का, पारदर्शक रंग शून्याच्या खान्यात आहे का आणि सगळ्या फ्रेममध्ये खान्यांचा क्रम एकच आहे का, हे तपासतो. हे तिन्ही जमलेली दहा स्प्राइटची एक फाइल तयार ठेवा आणि काम मागताना तीच पाठवा.