थंडीच्या फुलांची तयारी: आधी ऊन मोजा, मग रोपं आणा

दसरा-दिवाळीच्या सुमारास पुण्यातल्या नर्सऱ्या पिटुनिया, डायँथस, फ्लॉक्सच्या रोपांनी भरून जातात आणि बहुतेक खरेदी रंग बघूनच होते. पण हंगामी फुलझाड जगतं ते उन्हावर आणि तारखेवर. म्हणून गणपती उठले की तयारीला लागावं आणि पहिला आठवडा एक रुपयाही खर्च न करता फक्त ऊन टिपून ठेवावं. सकाळी 8, दुपारी 12 आणि 4 वाजता गॅलरीत किंवा गच्चीत ऊन कुठे आहे, ते खडूने आखून ठेवलं तरी पुरतं.

ही नोंद वाचताना मात्र ऋतू लक्षात घ्यायला हवा. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेकडेच असतो. त्यामुळे ऐन मे-जूनमध्ये दक्षिणेच्या गॅलरीत दुपारचं ऊन जवळजवळ शिरतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम 48 अंशांवर असतो आणि ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येतं. म्हणजे पावसाळ्यात अंधारी म्हणून सोडून दिलेली दक्षिण गॅलरी थंडीच्या फुलांसाठी घरातली सगळ्यात चांगली जागा ठरते. उत्तरेच्या गॅलरीला थंडीत थेट ऊन मिळत नाही, तिथे फुलांचा हट्ट धरू नये. कोलियस, नेचे, मनीप्लांट लावावेत, तेही सुंदरच दिसतात. दक्षिणेला उंच इमारत असेल तर तिची सावली डिसेंबरात लांबते, हेही धरून चालावं.

आता झाडं. पाच-सहा तास ऊन असेल तर झेंडू, पिटुनिया, ॲस्टर, कॅलेंड्युला, डायँथस यांतलं काहीही घ्या. पूर्वेची गॅलरी असेल, सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली, तर पॅन्सी उत्तम. पण तिला ऑक्टोबरची उष्णता सोसत नाही, तिची रोपं दिवाळीनंतरच आणावीत. नव्याने बाग करणाऱ्याने तीन जातींपेक्षा जास्त घेऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. एकाच रंगाच्या सहा कुंड्या ओळीने फुललेल्या बघितल्या की पटेल.

बी की रोप, हेही आधीच ठरवायचं. झेंडूचं बी चार-सात दिवसांत उगवतं, हाताळायला मोठं असतं, लहान मुलांनाही पेरता येतं. नॅस्टर्शियमचं बी थेट कुंडीतच टोचावं, त्याला जागा बदललेली आवडत नाही. आणि त्याला खत कमी द्यावं, नाहीतर नुसती पानंच माजतात. पिटुनियाचं बी मात्र धुळीसारखं बारीक, मातीने झाकायचंही नसतं, पहिल्या पाण्यात वाहून जातं. त्याची तयार रोपंच घ्या. ट्रेमध्ये फुललेलं रोप मोहात पाडतं, पण बुटकं, फांद्या फुटलेलं, कळ्याही न धरलेलं रोप जास्त टिकतं. पिशवीच्या तळातून मुळं बाहेर येऊन गुंडाळली असतील तर ते परत ठेवावं.

शेवंती हवी असेल तर एक गोष्ट आवर्जून बघा: रात्री तिच्यावर रस्त्याचा दिवा पडतो का? रात्र लांबायला लागली की शेवंतीला कळ्या येतात. रात्रभर उजेड राहिला तर झाड हिरवंगार वाढतं आणि फुलत नाही. गॅलरीतला दिवा मालवता येतो, रस्त्यावरचा नाही. मग कुंडी हलवावी लागते.

मातीचं काम सप्टेंबरच्या अखेरीस उरकावं. पुण्याच्या पूर्वेकडची काळी माती तशीच कुंडीत भरली तर पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. पोयट्याची माती, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट समभाग घ्यावं, कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड घालावी. तळाशी वाळका पालापाचोळा दाबून भरला की वजनही कमी होतं. गच्चीवर हा मुद्दा साधा नाही: 12 इंची कुंडी भिजल्यावर 20 किलोच्या आसपास भरते. कुंड्या स्लॅबच्या मधोमध न ठेवता तुळईच्या रेषेत, कडेने मांडाव्यात, तळाखाली विटा ठेवाव्यात, आणि सोसायटीत आधी विचारावं.

दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर ही तयारी उशिराची झाली. दसरा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरअखेर असा मागेपुढे होतो, म्हणून कॅलेंडर उघडून त्या तारखेपासून सुमारे 75 दिवस मागे मोजावे आणि पेरणीची तारीख लिहून ठेवावी. शेंडा खुडला तर फुलं वाढतात पण थोडी लांबतात, त्याची सोय या दिवसांत धरलेली आहे. गौरींसाठी तेरडा हवा असेल तर पहिल्या पावसानंतरच पेरायला हवा.

जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या आसपास एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. तिथे वही घेऊन जावं, आवडलेल्या फुलांची नावं आणि उंची टिपावी. बहरातली हंगामी झाडं त्या वेळी विकत घेऊन फारसं हाती लागत नाही, कारण फेब्रुवारी सरता सरता ऊन तापतं आणि पिटुनिया, पॅन्सी माना टाकतात. त्या कुंड्या रिकाम्या झाल्या की झिनिया, गॅलार्डिया आणि पोर्टुलाका लावावेत. ही तिन्ही पुण्याचा एप्रिल सोसतात, आणि पाणीकपात लागली तर पोर्टुलाका सगळ्यात कमी पाण्यात भागवते.