पासवर्ड बरोबर होता, तरी दार उघडेना

नोकरीला लागून तीन महिने झाले होते. अंधेरी एमआयडीसीतलं छोटं ऑफिस, शनिवारची संध्याकाळ, आणि माझ्याकडे काम : पोस्टग्रेस या डेटाबेसच्या जुन्या 9.6 आवृत्तीचा बॅकअप नव्या 14 वर रिस्टोर करायचा, म्हणजे तिथे पुन्हा उभा करायचा. तासाभराचं काम म्हणून मी डबाही आणला नव्हता.

पहिलीच एरर 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड'. मी पासवर्ड तपासत बसलो. पण पीअर या ओळख पटवण्याच्या पद्धतीत पासवर्ड विचारतच नाहीत. लिनक्सवरचं तुमचं नाव आणि डेटाबेसच्या युजरचं नाव एकच आहे का, एवढंच बघतात. कमांडमध्ये होस्ट म्हणून लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशीन) दिलं, की कनेक्शन टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या वाटेने जातं आणि पीजी-एचबीए या, कुणाला कसं आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या, फाइलमधली वेगळी ओळ लागू होते.

आता पासवर्ड विचारला. टाकला. 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड'. जुन्या सर्व्हरवर तोच चालत होता! चारदा टाइप केला, एकदा कॉपी-पेस्ट. वैतागून फाइलमध्ये 'ट्रस्ट' लिहिणार, म्हणजे कुणीही या, इतक्यात सीनिअर ताईंचा फोन आला. "ट्रस्ट लिहिशील आणि सोमवारी काढायला विसरशील. आधी सर्व्हरचा लॉग उघड."

लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, सरळ लिहिलं होतं : असा रोलच (डेटाबेसचा युजरच) नाही. शिवाय एचबीए फाइलची कितवी ओळ लागली, तेही. कुठली नावं खरी हे बाहेरच्याला कळू नये म्हणून क्लायंटला मुद्दाम मोघम उत्तर देतात. मला हे ठाऊक असतं तर दोन तास वाचले असते.

रोल नव्हता, कारण पीजी-डंप एकाच डेटाबेसचा बॅकअप घेतो आणि रोल असतात अख्ख्या क्लस्टरचे, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसचे मिळून. ते पीजी-डंपऑलला 'ग्लोबल्स-ओन्ली' सांगून वेगळे काढावे लागतात. जुना सर्व्हर अजून चालू होता, हे नशीब.

रोल आणले. पुन्हा तीच एरर! या वेळी मात्र थेट लॉग उघडला : स्क्रॅम सिक्रेट नाही. 9.6 चे पासवर्ड एमडी5 या जुन्या पद्धतीत साठवलेले, नवा सर्व्हर स्क्रॅम ही नवी पद्धत मागणारा. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-टूलमध्ये बॅकस्लॅश-पासवर्ड देऊन तोच पासवर्ड नव्याने सेट केला आणि आत शिरलो. (अ‍ॅप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हर जुना असेल तर पुढे 'ऑथेंटिकेशन टाइप 10' ची तक्रार येते; ड्रायव्हर बदला.)

रिस्टोर संपेपर्यंत शेवटची विरार निघून गेली होती. पहिल्या लोकलची वाट बघत स्टेशनबाहेर चहा प्यायलो.